महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरणारे म्यूऑन

“काळ मंदावतो वगैरे सगळं कागदावर. प्रत्यक्षात कुणी पाहिलंय?” महाड-पोलादपूरकडे आइन्स्टाइनचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. विज्ञान शिकलेली माणसंही असं बोलतात, तेव्हा चीड येते. पाहिलंय, मोजलंय आणि वारंवार मोजलंय.

वैश्विक किरण वातावरणावर आदळले की साधारण 15 किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. तळहात आडवा धरा, सेकंदाला सुमारे एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. स्थिर म्यूऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो.

आता आंबेनळी घाटाचा हिशेब करू. महाबळेश्वर आणि पोलादपूर यांच्या उंचीत सुमारे 1300 मीटरचा फरक आहे. काळ सगळ्यांसाठी सारखाच चालत असता, तर प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाने सरळ खाली येणाऱ्या 100 म्यूऑनपैकी जेमतेम 14 पोलादपूरला पोहोचले असते. पण त्या वेगाला त्यांचा काळ आपल्या मोजणीने दहापट संथ चालतो, म्हणून 80 हून अधिक पोहोचतात.

नुसत्या हिशेबावर विश्वास नसेल, तर फ्रिश आणि स्मिथ यांचा 1963 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर त्यांना तासाला सुमारे 563 म्यूऑन मिळाले. जुन्या समजुतीप्रमाणे समुद्रसपाटीला 27 च उरायला हवे होते. मोजले तेव्हा 412 भरले. वेगवान कणाचं आयुष्य असं लांबेल, हे तर मुंबईच्या होमी भाभांनी 1938 मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं.

“घड्याळ मागे पडत असेल, काळ नव्हे,” ही पुढची पळवाट. म्यूऑनमध्ये ना स्प्रिंग, ना सेल. मागे पडायला आहे काय? शिवाय म्यूऑनला स्वतःचा काळ संथ झालेला जाणवत नाही. त्याच्या दृष्टीने 1300 मीटरचा उतारच 130 मीटरचा होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘सगळंच सापेक्ष’ नाही: निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग प्रत्येकाला सेकंदाला 2,99,792 किलोमीटरच दिसतो. आइन्स्टाइनना 1921 चं नोबेल मिळालं ते सापेक्षतेसाठी नव्हे, मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामासाठी. आणि इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी प्रकाशाला गाठता येत नाही. ‘सर्न’ या संशोधन केंद्राच्या कणवेगवर्धक यंत्रात प्रोटॉन प्रकाशाच्या 99.999999 टक्के वेगापर्यंत जातात, पुढे ओतलेल्या ऊर्जेने वेगात नाममात्रच भर पडते.