माठ आणि ट्रिटियम

आमच्या मांजरीत ऊन तापू लागले की घरोघरी नवा माठ येतो. नव्या माठातले पाणी गारेगार होते; दोन-तीन उन्हाळे काढलेल्या माठातले तितके होत नाही. पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपते, पृष्ठभागावर त्याची वाफ होते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. हाच छिद्रांचा प्रश्न उद्याच्या संमीलन-अणुभट्टीपुढेही उभा आहे!

या भट्टीत ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांचे मीलन होऊन हेलियम बनतो आणि एक न्यूट्रॉन सुटतो. ड्यूटेरियम समुद्रात मुबलक आहे. ट्रिटियम मात्र किरणोत्सारी. अर्धायुष्य अवघे १२.३ वर्षे. साठवावे तर आपोआप आटते. म्हणून ते भट्टीतच पिकवायचे. सुटलेला न्यूट्रॉन लिथियम-६ च्या अणुकेंद्राने गिळला, की हेलियम आणि ट्रिटियम मिळते. हिशेब किती काटेकोर पाहा: एक ट्रिटियम खर्ची पडते तेव्हा एकच न्यूट्रॉन हाती येतो, आणि त्यांतलेही काही वाया जातात! शिसे किंवा बेरिलियम वापरून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते, ती यासाठीच.

लिथियम ठेवायचे ते लिथियम टायटेनेटसारख्या सिरॅमिकमध्ये, म्हणजे माठासारख्याच भाजून घट्ट केलेल्या पदार्थात. त्याच्या राजगिऱ्याएवढ्या गोळ्या ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र व गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था येथे तयार झाल्या आहेत.

आता खरी अडचण. ट्रिटियम जन्मते ते गोळीतील स्फटिककणाच्या पोटात. तेथून सरकत ते कणाच्या कडेला येते, मग छिद्रांच्या वाटेने पृष्ठभागावर. कणाची त्रिज्या दुप्पट झाली तर या सरकण्याला वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो! गोळी तापवली की वेग झपाट्याने वाढतो. पण फार तापवली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, छिद्रे मिटतात आणि गोळीचा जुना माठ होतो. पृष्ठभागावर पोचलेले ट्रिटियमही सहजी सुटत नाही. म्हणून वरून वाहणाऱ्या हेलियममध्ये शेकडा ०.१ भाग साधा हायड्रोजन मिसळतात. तो ट्रिटियमची जागा घेतो आणि त्याला मोकळे करतो.

हे तपासण्यासाठी गोळ्या आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. नंतर हेलियमच्या झोतात त्या हळूहळू तापवून, कोणत्या तापमानाला किती ट्रिटियम बाहेर पडले ते मोजतात.

न्यूट्रॉन तुमच्या घरी नाहीत, पण माठ असतीलच. एकाच आकाराचा एक नवा व एक जुना माठ भरा, झाका, रात्री तोला आणि सकाळी पुन्हा तोला. घट किती ग्रॅम आली?