शिक्षा छोटी, तरी तुरुंग भरलेले

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील मूळनिवासी देशाच्या लोकसंख्येच्या ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. तुरुंगात मात्र दर तीन कैद्यांत साधारण एक मूळनिवासी असतो.

शिक्षेची आकडेवारी वाचताना एक गफलत होते. मूळनिवासी कैद्यांच्या शिक्षेची मुदत सरासरीने इतरांपेक्षा कमी दिसते. यावरून न्यायालये त्यांच्याशी सौम्यपणे वागतात, असे समजणे चूक आहे. इतर कैद्यांमध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचे, म्हणजे लांब शिक्षांचे प्रमाण जास्त असते. मूळनिवासी मात्र छोट्या शिक्षांसाठी पुन्हा पुन्हा आत जातात. त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश कैद्यांनी आधीही तुरुंगवास भोगलेला असतो. शिवाय जामीन न मिळाल्याने खटल्याची वाट पाहणारे कच्चे कैदी शिक्षेच्या मुदतीच्या आकड्यांत येतच नाहीत.

१९८०च्या दशकातील मूळनिवासींच्या ९९ कोठडी-मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. तुरुंगवास हा शेवटचाच उपाय असावा, ही त्यांतली एक होती. तेव्हा कैद्यांमध्ये मूळनिवासी सुमारे १४ टक्के होते. आज ते प्रमाण दुपटीहून अधिक आहे.