पेपरवर नाव कोणाचं?

1989 सालच्या 14 जानेवारीला, इकडे घरोघरी तिळगूळ वाटला जात होता त्या शनिवारी, लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये चार पानांचा एक निबंध छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांच्या तपासणीचा. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी 3.6 आजार, आणि त्याआधी कधी तपासणी-उपचार मिळाले होते ते जेमतेम 8 टक्के बायकांना. हे आकडे पुढे जगभर फिरले. मी मात्र तो निबंध काढला की आधी मथळ्याखालची ओळ वाचतो. बंग, बंग, बैतुले, चौधरी, सरमुकद्दम, ताले. पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं. पुढची नावं विदर्भातल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडावीत अशी. ज्या काळात मोठ्या रुग्णालयांत विभागप्रमुखांचं नाव पेपरवर न मागता चढायचं, त्या काळातली ही ओळ आहे.

मी कौंडण्यपूरचा. गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वर्धा जिल्हा, सेवाग्रामचा मुलूख. संशोधनाच्या दुनियेत आमच्या गावाचं नाव छापलं गेलं ते पुरातत्त्वामुळे. मोरेश्वर दीक्षितांचा इथल्या उत्खननाचा अहवाल 1968 साली निघाला. वैद्यकातलं म्हणाल तर गावानं आजवर रक्ताचे नमुनेच काय ते दिले. माझी नोकरी वऱ्हाडातच गेली, मेडिकल कॉलेजात पीजींचे सिनोप्सिस तपासण्यात आणि थिसिसचा पेपर करताना कोणाचं नाव कुठं टाकायचं ही भांडणं मिटवण्यात. म्हणून गेल्या काही दशकांकडे मागे वळून बघताना मला औषधं आणि शोध आधी आठवत नाहीत, नावं आठवतात.

पूर्वी सगळं साधं होतं असं वाटतं, ते अर्धंच खरं आहे. 1952 साली य. मो. भेंडे आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांना एबीओच्या चौकटीत न बसणारा रक्तगट सापडला. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात तो हाच. लॅन्सेटमधल्या त्या छोट्या लेखावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांची नावं आधी आणि लंडनच्या तज्ज्ञांची नंतर आहेत. साहेब जाऊन पाचच वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं तर तो क्रम लहानसहान गोष्ट नव्हे. तीन वर्षांनी डॉ. वि. ना. शिरोडकरांनी वारंवार होणाऱ्या गर्भपातावरच्या आपल्या टाक्याची पद्धत प्रसिद्ध केली ती मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात. दोनेक पानं. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत तो टाका शिरोडकरांच्याच नावानं ओळखला जातो. ‘सर, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक पीजीला मी ही गोष्ट सांगत आलो. परिणाम शून्य, हेही सांगून टाकतो.

त्या पिढीनंतरचं सगळ्यात ठळक उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्करांचं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं दगावत होती. बावस्करांनी काय केलं? खाटेशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हृदयाची लय लिहून ठेवली. 1982 साली लॅन्सेटमध्ये तो पेपर आला, त्यावर एकच नाव. 1986 मध्ये प्राझोसिन या औषधाच्या वापराविषयीचा आला, त्यावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचंही. 2011 साली बीएमजेमध्ये दोघांची चाचणी प्रसिद्ध झाली: 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाचं प्रतिविष. ती चाचणी रीतसर नोंदवलेली होती. म्हणजे पहिल्या पेपरपासून या पेपरपर्यंत नियम कितीतरी बदलले, आणि महाडमधला एक डॉक्टर त्या बदलत्या नियमांबरोबर चालत राहिला. त्याच्यामागे बढतीचा तगादा नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नियम बदलले म्हणजे काय झालं? 1978 साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले. सुरुवातीचा प्रश्न अगदी कारकुनी होता: प्रत्येक जर्नलची संदर्भ लिहिण्याची पद्धत वेगळी, ती एकसारखी कशी करायची. पुढे 1985 मध्ये याच मंडळींनी लेखक कोणाला म्हणावं ते लिहून काढलं. कामाची आखणी किंवा आकड्यांचा अर्थ लावण्यात ठोस वाटा हवा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग हवा, छापायच्या मजकुराला संमती हवी. 2013 साली चौथी अट आली: कामाबद्दल उद्या कोणी प्रश्न केला तर उत्तर द्यायची तयारी हवी. माझ्या मते चारांत खरी अट हीच. पहिल्या तिन्हींत पळवाटा निघतात. पीजीनं ड्राफ्ट पाठवला, सरांनी ‘गुड, प्रोसीड’ लिहिलं, झाला लिखाणात सहभाग! पण आकडे कुठून आले, केसपेपर कुठं आहेत, असं विचारल्यावर कपाट उघडून दाखवता आलं पाहिजे.

ते कपाट नसलं की काय होतं ते 2020 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. करोनात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयी 96 हजारांवर रुग्णांच्या माहितीवर आधारलेला पेपर 22 मे रोजी लॅन्सेटमध्ये आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. लेखक चार, मूळ माहिती एकाच्याच कंपनीकडे, आणि ती तपासायला मागितल्यावर मिळाली नाही. उरलेल्या तिघांनी आपण खात्री देऊ शकत नाही असं कळवलं. सही केली तेव्हा खात्री होती का, हे त्यांना कोणी विचारायला हवं होतं.

आपल्याकडचा प्रश्न वेगळ्या अंगानं चिघळला. 2009 च्या सुमारास मेडिकल कौन्सिलनं बढतीसाठी पेपर सक्तीचे केले. हेतू चांगला असेल. पण बाळंतपणं करणारा, दिवसाला शंभर ओपीडी काढणारा, भूल देणारा, प्रत्येक जण आता संशोधक झाला पाहिजे असं ठरलं. मग कॉलेजांतून देवाणघेवाण सुरू झाली. माझ्या पेपरवर तू, तुझ्या पेपरवर मी. एका कॉलेजात तर प्रमोशनच्या फायली जायच्या महिन्यात एकाच केस रिपोर्टवर सात नावं मी पाहिली आहेत. रुग्ण बिचारा एक. 2015 मध्ये कौन्सिलनं खुलासा काढला: पहिली दोनच नावं धरली जातील, केस रिपोर्ट चालणार नाही, आणि ई-जर्नल चालणार नाही. जगातली उत्तमोत्तम नियतकालिकं कागद सोडून पडद्यावर जात असताना आपण म्हणत होतो, छापील अंक आणा. यातून धंदा कोणाचा झाला हे उघड आहे. ‘आदरणीय प्रोफेसर, आपल्या मौल्यवान लेखाची आम्ही वाट पाहतो आहोत’ असे ईमेल, चार दिवसांत स्वीकृती, पैसे भरा, अंक घरपोच. 2020 मध्ये कौन्सिलनं नियम पुन्हा सुधारले, पण तोवर एक पिढी त्या वाटेनं प्रोफेसर झाली होती.

हा रोग वैद्यकापुरता नव्हता. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं नमुन्यादाखल तपासली, तेव्हा त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर ‘केअर’ नावाची चाळलेली यादी आली. 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं तीही बंद केली आणि निवड संस्थांवर सोपवली.

आणि तरी मुंबईच्या केईएमचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ 1955 पासून चालू आहेच. चांगली जागा नव्हती असं कोणी म्हणू नये. तिथं नकार यायचा, एवढंच.

नकाराचा धाक असला की दुसरा मोह होतो. एकच पेपर एकाच वेळी दोन-तीन जर्नलांना पाठवून ठेवायचा, जिथून आधी होकार येईल तिथं छापायचा. फुकट काम करणाऱ्या परीक्षकांचा वेळ तर जातोच, आणि दोन्हीकडे छापून आला तर तेच रुग्ण दोनदा मोजले जातात. आमच्या गावच्या लेकीनं, रुक्मिणीनं, भाऊ तिचं लग्न शिशुपालाशी लावायला निघालेला असताना निरोप धाडला तो एकट्या द्वारकेला. उत्तर येईल की नाही याची खात्री नसताना. सोबत आपल्या बाजूची सगळी हकिगत आणि येण्याची वेळही कळवली. कव्हर लेटर कसं असावं हे पीजींना शिकवताना मला दुसरं उदाहरण लागलं नाही.

आता त्या नावांकडे येतो जी पेपरवर येता कामा नयेत. आयसीएमआरनं माणसांवरच्या संशोधनाविषयीचं पहिलं धोरण 1980 मध्ये काढलं, मग 2000, 2006 आणि 2017 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं वाढत गेली. नैतिकता समितीचं पत्र नसेल तर आता बरं जर्नल पेपर उघडूनही बघत नाही. समितीत संमतीपत्रकाच्या मराठीवर चर्चा होते, ते पत्रक सरकारी नोटिशीसारखं लांबलचक असतं, आणि शेवटी गावातली आजी त्याच्याकडे बघतही नाही. ती आरोग्यसेविकेला विचारते, “रक्त कायले पाह्यजे? मले तं काही झालं नाही.” मग दुसरा प्रश्न, “अन् मी नाही म्हटलं तं बीपीच्या गोया भेटतीन का नाही?” आणि तिसरा, “मायं नाव कुठं कुठं जाईन?” पत्रकाची चार पानं या तीन प्रश्नांची उत्तरं देण्यासाठीच असतात, आणि सेविकेनं ती उत्तरं नीट दिली तर अंगठ्याला अर्थ येतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हीच वर्षानुवर्षं हलगर्जीपणानं दिलं. फोटोतल्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपली, अशी समजूत होती. व्हँकुव्हरवाल्या संपादकांची समिती ती पुरेशी मानत नाही. आणि गाव, वय, जात, धंदा लिहिल्यावर फोटो हवा कशाला? हजार-दोन हजार वस्तीच्या नदीकाठच्या गावात विटाळ अनियमित असलेली बाई कोण, हे पाणवठ्यावर कोणीही सांगेल.

संमती किती खोल असावी, यावर महाराष्ट्रातच मोठा वाद झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना करणारा अभ्यास 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. 1 लाख 31 हजार 746 बायका, चार गट, आणि एका गटाची तपासणीच नाही. एचपीव्ही चाचणीनं मृत्यू कमी होतात हे त्यातून सिद्ध झालं. पण तपासणीचा फायदा आधीपासून माहीत असताना एका गटाला ती द्यायची नाही, हे कितपत बरोबर? मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या अशाच अभ्यासासह या सगळ्यावर 2014 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये सडकून टीका झाली. संशोधकांचं म्हणणं, देशात अशी तपासणी नव्हतीच, तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण तो खोटाही म्हणता येत नाही. तुलनेचा गट गडचिरोलीच्या 1999 च्या नवजात बालकांच्या अभ्यासातही होता: 39 गावांत घरी जाऊन बाळांची काळजी, 47 गावांत नाही, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांच्या मृत्यूंत 62 टक्के घट. फरक असलाच तर एवढा की गडचिरोलीत तोवर घरपोच उपचार चालतील का हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे तीच पद्धत आशा स्वयंसेविकांच्या हाती देशभर गेली.

आमच्याच जिल्ह्यात, मेळघाटात, डॉ. आशीष सातव यांची ‘महान’ ही संस्था 1998 पासून आहे. दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या आरएसव्ही या श्वसनविषाणूवरचे त्यांच्या गटाचे पेपर 2021 मध्ये ‘क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आले. त्यात घरी दगावलेल्या बाळांच्या नाकाघशातले नमुनेही होते. बाळ गेलेल्या कोरकू घरात त्याच दिवशी जाऊन परवानगी मागायची. हे काम करणारा माणूस गावातलाच असावा लागतो, आणि पेपरच्या पद्धतीच्या भागात त्याच्या वाट्याला एक ओळ येते.

चाचणी सुरू करण्याआधी ती नोंदवायची हा दंडकही याच काळातला. आपली सीटीआरआय ही नोंदवही 2007 च्या जुलैत उघडली, औषधांच्या चाचण्यांसाठी नोंद जून 2009 पासून सक्तीची झाली, आणि एप्रिल 2018 पासून काम संपल्यावर मागील तारखेनं नोंदवणं बंद झालं. त्या मार्च महिन्यात कॉलेजाकॉलेजांत उडालेली धांदल आठवते. तीन-तीन वर्षांपूर्वी संपलेल्या थिसिस नोंदवायला रांग लागली होती.

सध्याची धांदल भाषेची आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांचा इंग्रजीनं पूर्वी घात केला; परीक्षकाचा शेरा यायचा, ‘भाषा तपासून घ्या’, आणि तपासणारा कुठून आणायचा ते कळायचं नाही. आता मोबाइलमधलं यंत्र ते क्षणात करून देतं. संपादकांनी 2023 मध्ये त्याचाही निकाल दिला: यंत्र वापरा, पण तसं लिहा, आणि लेखकांच्या यादीत त्याला घेऊ नका, कारण त्याला जबाब विचारता येत नाही. मला यात वावगं काही दिसत नाही. मागच्याच महिन्यात तिवशाकडची एक पीजी ड्राफ्ट घेऊन आली. यंत्राची नोंद तिनं प्रामाणिकपणे केली होती. आभारांत गाईड होते, डीन होते. घरोघरी फिरून नमुने गोळा करणाऱ्या दोन आशाताईंची नावं नव्हती. विचारलं तर म्हणाली, “सर, आभारात नाव टाकायला त्यांची लेखी परवानगी लागते ना, ती घ्यायची राहिली.” मी तिला ड्राफ्ट परत दिला आणि म्हटलं, जा, सही घेऊन ये, मग सबमिट कर.