बुलेटच्या यादीत न दिसणारं नातं

पीपीटी करायला बसलं की हात आपोआप यादीकडे वळतो. वर मथळा, खाली सहा ठिपके, प्रत्येक ठिपक्यापुढे एक अर्धवट वाक्य. अशा पंचवीस स्लाइड झाल्या की तयारी झाली असं वाटतं. ऐकणाऱ्यांना मात्र त्या पंचवीस स्लाइडमधून काय धरायचं ते कळत नाही. शेवटी कुणीतरी हमखास म्हणतं, “थोडक्यात सांगा ना, करायचं काय?”

यादी काय गिळते

‘पाणीटंचाई’, ‘टँकरखर्चात वाढ’, ‘जुनी पाइपलाइन’, ‘सभासदांचं सहकार्य’. चार ठिपके, चारही सारख्याच आकाराचे, एकाखाली एक. जुन्या पाइपलाइनमुळे टंचाई आहे की टंचाई वेगळी आणि गळती वेगळी? खर्च कशामुळे वाढला? सहकार्य हा उपाय आहे की तक्रार? यादीत क्रियापदच नसतं, त्यामुळे कशामुळे काय झालं हे सांगणाऱ्याच्या डोक्यातच राहतं. सभेतले लोक ते चार शब्द आपापल्या परीने जोडतात. मग सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकाचं एकमत वेगळ्याच गोष्टीवर झालेलं असतं.

आकृतीत ही पळवाट नाही. दोन चौकटी काढल्या की त्यांच्यामध्ये बाण काढायचा की नाही, काढला तर कोणत्या दिशेने, हे ठरवावंच लागतं. आकृतीचा पहिला फायदा त्यामुळे श्रोत्यांच्या आधी स्वतः वक्त्यालाच होतो.

चॅलेंजरची तेरा पानं

या विषयावर बोलताना एक उदाहरण टाळता येत नाही. २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी मॉर्टन थायोकोल या कंपनीचे अभियंते दूरध्वनीवरून ‘नासा’च्या अधिकाऱ्यांशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान सुटायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, थंडीत नीट काम करणार नाहीत अशी अभियंत्यांना भीती होती. त्यांनी फॅक्सने तेरा पानं पाठवली आणि शिफारस केली, की तापमान ५३ फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये.

चर्चा अडली ती आधीच्या दोन उड्डाणांवर. ५३ अंशांना उडालेल्या यानात सांध्यातून वायू निसटल्याच्या खुणा सापडल्या होत्या. पण तशा खुणा ७५ अंशांच्या उड्डाणातही होत्या. दोनच उदाहरणं समोर ठेवली, तर थंडीचा संबंध आहे असं ठामपणे कोण म्हणणार? शेवटी कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस मागे घेतली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

नंतर चौकशी आयोगाने एक साधा आलेख छापला. आडव्या अक्षावर सांध्याचं तापमान, उभ्या अक्षावर बिघाडांची संख्या. फक्त बिघाड झालेली उड्डाणं मांडली तर ठिपके इकडेतिकडे विखुरलेले दिसतात, त्यातून काही निष्पन्न होत नाही. पण बिघाड न झालेली उड्डाणंही मांडली की चित्र पालटतं. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ वेळा बिघाड होता. ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत होता. सुरळीत झालेल्या उड्डाणांत सांगण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल, पण पुरावा त्यांच्याच ठिपक्यांत होता.

आलेखशास्त्रातले नामवंत लेखक एडवर्ड टफ्टी यांनी १९९७च्या आपल्या पुस्तकात या तेरा पानांची चिरफाड केली. ती गाजली, पण ती एकतर्फी आहे असं माझं मत आहे. रॉजर बॉइजोली हे थायोकोलचे अभियंते आणि त्यांचे सहलेखक यांनी पुढे सविस्तर उत्तर दिलं, की सगळ्या उड्डाणांची तापमानं त्या रात्री अभियंत्यांच्या हाताशी नव्हतीच आणि टफ्टींनी हवेचं तापमान आणि कड्यांचं तापमान यांची गल्लत केली. तेव्हा ‘एक आलेख असता तर सात जीव वाचले असते’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेईल, पण जपून वापरावं. निर्णय फिरला त्यामागे दडपणही होतं, ते कोणत्याही आलेखात मावणारं नव्हतं. आपल्या कामापुरतं मात्र एक नक्की घ्यावं: आकृतीत काय दाखवलं यापेक्षा काय गाळलं, हे आधी तपासायचं.

आधी वाक्य लिहा, मग आकृती

कॉम्प्युटर उघडण्याआधी कागदावर एक पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. आकार त्या क्रियापदातूनच मिळतो. ‘अर्ज आधी तलाठ्याकडे जातो, मग मंडल अधिकाऱ्याकडे’ या वाक्यात क्रम आहे, म्हणजे डावीकडून उजवीकडे बाण. ‘तीन विभाग एकाच अधिकाऱ्याला उत्तरदायी आहेत’ यात उतरंड आहे. ‘काही सभासद दोन्ही समित्यांत आहेत’ म्हटलं की एकमेकांवर आलेली दोन वर्तुळं. ‘मे महिन्यात मागणी पुरवठ्याच्या वर जाते’ याला दोन रेषांचा आलेख पुरतो.

वाक्य न लिहिता थेट सॉफ्टवेअरमधल्या तयार आकृत्यांकडे गेलात, तर फसगत ठरलेली. ऑफिस २००७पासून पॉवरपॉइंटमध्ये स्मार्टआर्ट आलं आणि चार चौकटींचं गोल फिरणारं चक्र घरोघरी पोहोचलं. ‘नियोजन, अंमलबजावणी, प्रशिक्षण, निधी’ हे चक्र मी किती ठिकाणी पाहिलं असेल! निधीकडून बाण परत नियोजनाकडे का जातो, हे विचारलं तर उत्तर नसतं. टेम्प्लेटमध्ये बाण होता म्हणून तो तिथे आला.

सोसायटीच्या पाण्याचा हिशेब

आता एक आकृती जवळून पाहू. समजा, चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे आणि वार्षिक सभेत पाण्याचा खर्च मांडायचा आहे. रोज महापालिकेचं २४,००० लिटर पाणी येतं, एका टँकरचं १०,००० आणि बोअरचं ६,०००. एकूण ४०,०००. त्यातलं ३०,००० घरांत जातं, ४,००० बागेला आणि गाड्या धुवायला. उरलेलं ६,००० गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोमधून वाहून जातं.

ही सहा ओळींची यादी वाचली तर सभासद ‘बरं’ म्हणतील आणि पुढच्या स्लाइडची वाट पाहतील. त्याऐवजी प्रवाह काढा. डावीकडून तीन पट्टे येतात, मध्ये टाकीत मिळतात, उजवीकडे तीन पट्टे निघतात. पट्ट्याची जाडी पाण्याच्या प्रमाणात: १,००० लिटरला २ मिलिमीटर. म्हणजे मधला एकत्र पट्टा ८० मिलिमीटर, टँकरचा २०, बोअरचा १२ आणि ओव्हरफ्लोचाही १२.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते, जी यादीत सहज निसटते. बोअरचा पट्टा आणि ओव्हरफ्लोचा पट्टा सारख्याच जाडीचे आहेत. पंप चालवून, वीजबिल भरून जमिनीतून जेवढं पाणी उपसायचं, तेवढंच पाणी गच्चीवरून गटारात. हे तुम्ही सांगायच्या आधी मागच्या रांगेतले काका बोलून दाखवतील, आणि त्यांनी म्हटलेलं सभेला जास्त पटेल. आकृती पटवते ती अशी. निष्कर्ष माणसाने स्वतः काढला की त्याच्याशी तो भांडत नाही.

मथळ्यात ‘पाणी वापराचे विश्लेषण’ असं लिहू नका. ‘रोज अर्ध्या टँकरपेक्षा जास्त पाणी ओव्हरफ्लोमध्ये जातं’ असं लिहा. ओव्हरफ्लोचा पट्टा लाल, बाकी सगळे फिकट निळे किंवा राखाडी. कोपऱ्यात लहान अक्षरांत आकडा कसा मोजला ते द्या. कारण ‘सहा हजार कशावरून?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर स्लाइडवर असलं तर चर्चा तिथे अडत नाही. मग टाकीला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर बसवायचा ठराव मांडा.

पट्ट्याच्या जाडीतून संख्या दाखवायची युक्ती जुनी आहे. फ्रेंच अभियंते शार्ल मिनार यांनी १८६९मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा नकाशा असाच काढला. १ मिलिमीटर म्हणजे १०,००० सैनिक. निघताना ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा, परतताना १०,००० सैनिकांची बारीक रेघ. आजची सॉफ्टवेअर या प्रकाराला ‘सँकी’ म्हणतात. सँकी या अभियंत्याने १८९८मध्ये वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे जाते हे याच पद्धतीने दाखवलं होतं.

गाळण्याचं धाडस

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी केलेला नकाशा १९३३मध्ये लोकांच्या हाती आला. त्यात रस्ते नाहीत, खरी अंतरं नाहीत; रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरक्या. प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढंच हवं असतं. आपल्या लोकलच्या डब्यात दाराच्या वर असलेल्या स्टेशनांच्या पट्टीतही हीच काटछाट असते. स्लाइडवरही तसंच करा. प्रत्येक चौकटीला विचारा: ही काढून टाकली तर वाक्य बदलतं का? बदलत नसेल, तर काढा.

आकड्यांचे आलेख

इथे पथ्यं थोडी, पण कडक आहेत. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू करा. ९५पासून सुरू केला तर ९६ आणि ९८ यांत तिपटीचा फरक दिसतो आणि हुशार श्रोता पुढचं सगळं संशयाने पाहतो. रेषालेखाला ही सक्ती नाही, तिथे चढउतार दाखवायचा असतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४मध्ये दाखवलं, की एकाच मोजपट्टीवरची स्थिती आपण कोनांपेक्षा अधिक अचूक वाचतो. म्हणून सात-आठ फोडींचा पाय चार्ट टाळून आडवे स्तंभ घ्यावेत, मोठ्यापासून लहानापर्यंत लावून. आणि थ्रीडी तर नकोच. पुढची फोड उगीच मोठी दिसते.

देवनागरीची काळजी

इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी भरताना काही अडचणी खास आपल्या असतात. ओळींमधलं अंतर कमी असलं तर वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडतात, अंतर वाढवा. अक्षरं एकाखाली एक रचली की जोडाक्षरं तुटतात, म्हणून लांब नावांसाठी आडवे स्तंभच बरे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली पीपीटी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की चौकटींत अगम्य चिन्हं दिसतात. ऐन कार्यक्रमात हे झालं तर आकृती कितीही चांगली असो, उपयोग नाही. युनिकोड वापरा आणि पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

रंगांची सूची कोपऱ्यात देण्याऐवजी नाव रेषेच्या टोकालाच लिहा. काही लोकांना, त्यातही पुरुषांना जास्त प्रमाणात, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. शिवाय सभेनंतर कुणीतरी त्याच पानांची काळी-पांढरी झेरॉक्स मागणारच.

आकृती कधी नको

एकच आकडा सांगायचा असेल तर तो मोठ्या अक्षरात लिहा, त्याला आलेख लागत नाही. नियमाचं कलम शब्दशः महत्त्वाचं असेल तर कलमच दाखवा. बारा चौकटींची आकृती खरोखर गरजेची असेल तर ती ए-फोर कागदावर छापून हातात द्या. पडद्यावर तिचे तुकडे करून एकेक टप्पा आणा, बोलणं जिथवर आलंय तिथवरच. उडत येणारे बाण आणि गरगर फिरणारा मजकूर मात्र बंद ठेवा.

आदल्या दिवशी विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला, घरातल्याच कुणाला, स्लाइड थोडा वेळ दाखवून लॅपटॉप बंद करा आणि विचारा, “काय कळलं?” उत्तर ‘पाण्याबद्दल काहीतरी आहे’ असं आलं तर मथळा बदला. उत्तर ‘टाकी वाहते का रे तुमची?’ असं आलं तर त्या स्लाइडला पुन्हा हात लावू नका.