विद्यार्थी-नोंदीचा संगणकीय फॉर्म : काही विचार

चिंचणी येथे 1955 साली सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील असून त्यावर शके 848, म्हणजे इ. स. 926, हा काळ दिला आहे. संयान मंडलाचा, म्हणजे तलासरीपलीकडील आजच्या संजाणच्या परिसराचा, कारभार पाहणाऱ्या एका ताजिक अधिकाऱ्याच्या काळात एका मठिकेस दिलेल्या दानाची ती नोंद होय. राजाचा वंश, दान, गाव, जमीन, शक अशी सर्व माहिती त्यात रीतीनुसार आलेली आहे. अधिकाऱ्याचे नाव मात्र ‘मधुमती’ असे कोरले आहे. हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय असे अभ्यासक मानतात. एका भाषेतील नाव दुसऱ्या भाषेच्या नोंदीत शिरताना त्याचे काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या तालुक्यात मिळणार नाही.

आपल्या शाळांतही हे नित्य घडते. जनरल रजिस्टरात नाव मराठीत असते आणि आधारपत्रावर ते इंग्रजीतही असते. 2015 साली राज्यात सुरू झालेली ‘सरल’ प्रणाली आणि नंतर आलेली ‘यू-डायस प्लस’ यांमुळे प्रत्येक बालकाची माहिती संगणकाच्या फॉर्ममध्ये भरणे हे शिक्षकाचे नेहमीचे काम झाले. आता काही शिक्षकबंधुभगिनी केंद्रापुरते किंवा शाळेपुरते असे फॉर्म स्वतः तयार करण्यास शिकत आहेत. त्यांच्यासाठी, आणि जे केवळ भरतात त्यांच्यासाठीही, हे चार शब्द.

संकेतस्थळ बांधण्यासाठी जी तयार चौकट मिळते तिला वेब फ्रेमवर्क म्हणतात. ‘जँगो’ ही त्यांपैकी एक. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका वृत्तपत्राच्या कचेरीत ती तयार झाली व 2005 साली सर्वांस खुली झाली. अशा चौकटीत डेटाबेसमधील तक्त्याचे वर्णन एकदा लिहिले, की त्यावरून फॉर्म बहुतांशी आपोआप तयार होतो. ही मोठीच सोय आहे. परंतु कोणता रकाना असावा आणि कोणता सक्तीचा करावा, हे चौकट सांगत नाही. तेथे रजिस्टर हाताळलेल्या माणसाचेच ज्ञान लागते.

प्रथम सक्तीच्या रकान्यांचा विचार करू. नवशिका मनुष्य सर्वच रकाने सक्तीचे करतो, कारण माहिती अपुरी राहू नये अशी त्याची इच्छा असते. आता असे समजा, की जन्मदाखल्याचा क्रमांक भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबातील मुलगी दाखल होण्यास आली आहे आणि तिच्याजवळ दाखला नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. पूर्वीच्या शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला तरीही पाचव्या कलमानुसार तिला बसवून घेतलेच पाहिजे. कायद्याने उघडलेले दार या फॉर्मने बंद केले. शिवाय अडलेला शिक्षक बहुधा काही तरी खोटा क्रमांक टाकून मोकळा होतो, आणि अशी खोटी नोंद रिकाम्या नोंदीपेक्षा वाईट, कारण ती खरी दिसते. म्हणून ज्यावाचून नोंदच होऊ शकत नाही तेवढेच सक्तीचे करावे. बाकीचे नंतर भरता यावे.

येथेच रिकामे आणि शून्य यांतील भेद येतो. परीक्षेस न बसलेल्या मुलाला शून्य गुण लिहिणे आपण हजेरीपटाच्या काळापासून चूक मानतो. डेटाबेसही ‘माहीत नाही’ व ‘शून्य’ यांस निरनिराळे समजतो. फॉर्म करणाराने ती खूण पुसू नये.

जो क्रमांक बेरीज-वजाबाकीसाठी नाही तो संख्या म्हणून न साठवता अक्षरे म्हणून साठवावा. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो म्हणून आपणांस अडचण जाणवत नाही. जम्मू-काश्मीरचा 01 ने सुरू होतो, आणि संख्या म्हणून साठविला तर आरंभीचे शून्य गळून दहाच अंक उरतात.

नावांविषयी अधिक सावध असावे. बालकाचे, वडिलांचे, आईचे नाव व आडनाव यांस वेगळे रकाने द्यावे, पण प्रत्येकास आडनाव असतेच असे गृहीत धरू नये. मराठी व इंग्रजी नावे दोन स्वतंत्र रकान्यांत ठेवावी. एकावरून दुसरे यंत्राने बनवू नये. एक बारीक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही : ‘कुऱ्हाडे’ यातील र्‍हस्व दिसणारा हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्रास भिन्न. एकाने एका रीतीने भरले व दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधले, तर मुलगा सापडत नाही आणि त्याची दुसरी नोंद होते. यासाठी साठविण्यापूर्वी अक्षरे एकाच रूपात आणावी व नावामागची-पुढची मोकळी जागा काढून टाकावी.

दुहेरी नोंदीचे आणखी एक कारण म्हणजे मंद इंटरनेट. शिक्षक बटण दाबतो, काही घडत नाही, तो पुन्हा दाबतो. नोंद होताच वाचकास दुसऱ्या पानावर नेण्याची रीत यासाठीच आहे. पान पुन्हा उघडले तरी नोंद पुन्हा जात नाही. परंतु खरा बंदोबस्त डेटाबेसमध्येच हवा : शाळा व रजिस्टर क्रमांक ही जोडी दोनदा येऊच नये असा निर्बंध तेथे घालावा. ब्राउझरमधील तपासणी ही भरणाराची सोय, सर्व्हरवरील तपासणी हा पहारा. ब्राउझरातील तपासणी कोणालाही टाळता येते, म्हणून तिच्यावर विसंबणे हे फाटक लावून भिंत न बांधण्यासारखे होय.

चूक आढळल्यास ती त्या रकान्याजवळच, साध्या मराठीत दाखवावी, आणि भरलेले बाकी सर्व जसेच्या तसे ठेवावे. तीस रकाने भरल्यावर एका तारखेसाठी संपूर्ण फॉर्म कोरा होणे यासारखा दुसरा जाच नाही. तारखेविषयीही तसेच : 03-04 हे तीन एप्रिल की चार मार्च, हा संशय राहू नये म्हणून महिना अक्षरी दाखवावा. जन्मतारीख अंकी व अक्षरी लिहिण्याची आपल्या रजिस्टरची जुनी रीत याच शहाणपणाची आहे.

रजिस्टरात दुरुस्ती करताना जुनी नोंद वाचता येईल अशी एक रेघ मारून वर नवी नोंद व मुख्याध्यापकांची स्वाक्षरी करतात. डेटाबेसमध्ये मात्र नवे लिहिताच जुने नाहीसे होते. म्हणून जन्मतारीख, नाव व जात या रकान्यांसाठी बदलांचा वेगळा तक्ता ठेवावा आणि जुने काय होते, नवे काय झाले, कोणी व केव्हा बदलले, हे त्यात आपोआप उतरावे. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वाद निघाल्यास हाच तक्ता उघडावा लागतो.