बक्षिसाचा धनादेश आणि पहिले गिऱ्हाईक

हिवाळा सरता सरता महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांच्या सभागृहांतून एक समारंभ हमखास पार पडतो. व्यासपीठावर परीक्षक बसलेले असतात; त्यांत एखादा बँक अधिकारी, एखादा यशस्वी माजी विद्यार्थी आणि जमल्यास एखादा कारखानदार. तिसऱ्या वर्षाची मुले उसने कोट घालून येतात, पडद्यावर दहा चित्रे दाखवितात आणि पाच वर्षांनंतरच्या कोट्यवधींच्या उलाढालीचा आलेख चढता काढून देतात. अखेरीस पुरुषभर लांबीचा पुठ्ठ्याचा धनादेश विजेत्यांच्या हाती देऊन छायाचित्र घेतले जाते. पुढच्या आठवड्यात सत्रान्त परीक्षेचे वेळापत्रक लागते आणि पुष्कळदा तो नियोजित उद्योग तेथेच विसावतो. पुठ्ठ्याचा धनादेश कोणत्याच बँकेत वटत नसतो, ही गोष्ट निराळी. खरी रक्कम मागाहून यावयाची असते.

या समारंभांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. नोकरीखेरीज दुसरा विचारच न करणाऱ्या मध्यमवर्गीय घरातील मुलाला आपणही काही उभारू शकू असे निदान एक संध्याकाळ वाटावे, हे काही थोडे नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1990 साली विद्यार्थ्यांनीच दहा हजार डॉलरांची स्पर्धा सुरू केली. तिचे अनुकरण पुढे जगभर झाले. मुंबईच्या आयआयटीमधील विद्यार्थ्यांच्या उद्योजकता मंडळाची ‘युरेका’ ही स्पर्धा त्याच वळणाची. सरकार या क्षेत्रात जोमाने उतरले ते 16 जानेवारी 2016 रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा झाल्यावर. 2017 पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’ भरू लागली. तीत निरनिराळी मंत्रालये आपापल्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि मुले सलग छत्तीस तास बसून त्यांवर संगणकीय तोडगे काढतात. 2018 मध्ये महाविद्यालयांतून नवोन्मेष परिषदा स्थापन होऊ लागल्या, 2019 मध्ये विद्यार्थी व अध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरण आले. पुढे उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत ‘नवोन्मेष’ असा स्वतंत्र रकानाही आला.

या शेवटच्या गोष्टीत सध्याच्या उत्साहाचे मर्म आहे. रकाना आला की तो भरावा लागतो. किती स्पर्धा घेतल्या, किती विद्यार्थी बसले, किती कंपन्या नोंदल्या, हे मोजणे सोपे. त्यांपैकी कितींनी एक तरी वस्तू परक्या माणसाला रोख पैशाने विकली, हे मोजणे अवघड. जे सोपे ते मोजले जाते आणि जे मोजले जाते तेच केले जाते.

स्पर्धेचा मूळ दोष मात्र याहून खोल आहे. तीत परीक्षा होते ती मांडणीची. परीक्षकाला दहा मिनिटांत जे पटवून देता येते ते कल्पनेचे नावीन्य आणि बोलणाऱ्याचा आत्मविश्वास. उद्योगाची परीक्षा गिऱ्हाईक घेते आणि त्याला घाई नसते. महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आज पाठ्यपुस्तकात आहे. परंतु तो पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. एखाद्या स्पर्धेत हा नांगर मांडला असता तर परीक्षकांनी, बाजारपेठ तयार नाही, असा शेरा मारून त्याला दुसऱ्या फेरीतच बाद केले असते. आणि शेरा चुकीचाही ठरला नसता! बेळगावातून बस्तान हलवावे लागले तेव्हा लक्ष्मणरावांना जे उपयोगी पडले ते बक्षीस नव्हते. औंध संस्थानची जमीन आणि कर्जाऊ रक्कम घेऊन त्यांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. ज्याने पैसा दिला त्याला थांबण्याची तयारी होती, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

त्याच काळातील पैसा फंडाची हकीकत या विषयाला अधिकच लागू पडते. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगांसाठी निधी उभारण्याचा ध्यास घेतला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले. 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीत होते. या कारखान्याला नफ्यातोट्याच्या हिशेबापलीकडची एक बाजू होती. ती त्याची शाळा. भट्टीसमोर उभे राहून मुले काच फुंकायला शिकली आणि हे ज्ञान घेऊन देशात इतरत्र गेली. विद्यार्थी, लोकवर्गणीचा पैसा आणि उद्योग यांची सांगड घालण्याचा तो प्रयोग आजच्या कोणत्याही योजनेहून कमी धाडसी नव्हता.

नोंदणीचा फास

आजच्या योजनांत पैसा नाही असे म्हणता येणार नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये बीजभांडवलाची योजना काढली तेव्हा तिच्यासाठी चार वर्षांकरिता 945 कोटी रुपये ठेवले होते. कल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्जरूपाने अथवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपाने साहाय्य, आणि हे सारे उद्योग-उबवणी केंद्रांमार्फत, टप्प्याटप्प्याने, अशी तिची रचना होती. रचना शहाणपणाची होती. पण दाराशी एक अट होती: अर्जदार हा मान्यताप्राप्त स्टार्टअप हवा. म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, मर्यादित दायित्वाची भागीदारी असे काही तरी आधी नोंदलेले हवे.

येथे वीस-एकवीस वर्षांचा मुलगा एका अशा दालनात शिरतो ज्याचे बाहेरचे दार त्याला कोणी दाखविलेले नसते. कंपनी नोंदविणे आता काही दिवसांचे काम झाले आहे. ती चालविणे, आणि विशेषत: न चालविणे, हे मात्र तसे नाही. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे एका रुपयाचीही विक्री नसली तरी दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, ताळेबंद व वार्षिक विवरण दाखल करावे लागते. उशीर झाला तर प्रत्येक विवरणामागे दररोज शंभर रुपये जादा शुल्क. दोन विवरणे वर्षभर राहिली तर हा आकडा 73 हजारांवर जातो. लागोपाठ तीन वर्षे विवरणे दिली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. तोपर्यंत हे संचालक पदवी घेऊन हिंजवडीत किंवा बंगळुरात नोकरीला लागलेले असतात आणि त्यांपैकी एखाद्याच्या आईवडिलांच्या पत्त्यावर नोटीस येते.

महाविद्यालयाच्या अहवालात मात्र ती कंपनी ‘यशस्वी’ म्हणून नोंदली गेलेली असते. कारण रकान्यात नोंदणी विचारली होती, निभाव विचारला नव्हता. विद्यार्थ्याला कंपनी काढायला लावणाऱ्या संस्थेने ती बंद करण्याचा खर्च आणि कागदपत्रेही आपल्या अंगावर घ्यावीत, असा साधा नियम झाला तर नोंदण्यांची संख्या एका वर्षात खाली येईल आणि उरतील त्या कंपन्या कामाच्या असतील.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे, हे विशेष. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’ योजनेत नमुना तयार करण्यासाठी 10 लाखांपर्यंत मदत मिळते आणि ती घेण्यासाठी कंपनी असलीच पाहिजे असे नाही. व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. आधी वस्तू करून पाहा, ती चालते का ते पाहा, मग कंपनीचे बघू, हा तिचा क्रम. जैवतंत्रज्ञानासाठी ‘बायरॅक’ने चालविलेली 50 लाखांपर्यंतची अनुदान योजनाही दीड वर्षाच्या मुदतीत प्रयोग सिद्ध करण्याला महत्त्व देते. या योजनांचा गाजावाजा कमी; त्यांत पुठ्ठ्याचा धनादेश नसतो.

विकत घेणारा कोण?

बक्षीस आणि अनुदान यांच्या पलीकडची तिसरी गोष्ट म्हणजे खरेदीचा आदेश. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने 2018 पासून जो स्टार्टअप सप्ताह भरविला, त्यात विजेत्या 24 उद्योगांना शासकीय विभागांत आपला प्रयोग राबविण्यासाठी 15 लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत ठेवली गेली. एकूण स्पर्धांच्या गर्दीत ही कल्पना उठून दिसते. बक्षिसाचे पंधरा लाख खर्च होतात आणि संपतात. कार्यादेशाचे पंधरा लाख कमवावे लागतात, आणि त्यासाठी एखाद्या जिल्हा रुग्णालयात किंवा पाणीपुरवठा विभागात जाऊन, यंत्र का बंद पडले याची उत्तरे द्यावी लागतात. अर्थात प्रयोग यशस्वी झाल्यावर त्या विभागाने पुढची मोठी खरेदी कशी करावी हा प्रश्न उरतोच. निविदेच्या चाकोरीत नवख्याला जागा करून देण्यासाठी अनुभवाच्या व अनामत रकमेच्या अटी सैल केल्या असल्या, तरी सही करणाऱ्या अधिकाऱ्याची भीती परिपत्रकाने जात नाही.

ड्रोन बनविणाऱ्या ‘आयडियाफोर्ज’चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मुंबई आयआयटीतील विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये ती कंपनी स्थापन केली आणि तेथील ‘साइन’ या उबवणी केंद्रात ती वाढली. 2009 च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात उडालेले यंत्र त्यांचेच. त्या चित्रपटाने टाळ्या मिळाल्या. लष्कराकडून सुमारे दोन कोटी डॉलरांच्या कामाचा आदेश आला तो 2021 मध्ये, आणि शेअर बाजारात नोंदणी झाली 2023 मध्ये. टाळ्या आणि तो आदेश यांच्यामध्ये बारा वर्षे आहेत. ही बारा वर्षे काढायची कशी, हा विद्यार्थी उद्योजकतेचा खरा प्रश्न.

ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुखी आहे त्याला ती काढता येतात. परभणी किंवा गडचिरोलीहून कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलीचे काय? तिच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. तो स्पर्धेतील क्रमांक पाहत नाही. स्पर्धेत ती पहिली येते आणि नोकरी धरते, तेव्हा तिच्यात जिद्द नव्हती असे म्हणणारे लोक व्यासपीठावर पुढच्या वर्षी पुन्हा दिसतात. होतकरू उद्योजकाला वर्षभर महिना 30 हजारांपर्यंत निर्वाहवेतन देणारी ‘निधी’चीच दुसरी एक योजना याच गरजेतून निघाली. अशा शिष्यवृत्त्यांची संख्या वाढविणे हे आणखी दहा स्पर्धा भरविण्यापेक्षा स्वस्त पडेल.

नियम नाहीत असेही नाही. 2019 च्या राष्ट्रीय धोरणाने विद्यार्थ्याला उद्योगासाठी सत्राची वा वर्षाची सुटी घेण्याची, उद्योगाचे काम प्रकल्प म्हणून दाखविण्याची मुभा सुचविली आहे. संस्थेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान एक टक्का रक्कम या कामासाठी वेगळी ठेवावी असे म्हटले आहे, आणि मदतीच्या बदल्यात संस्थेने घ्यावयाचा हिस्साही 2 ते साडेनऊ टक्क्यांच्या मर्यादेत बसविला आहे. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत तर, पदवीनंतर विद्यार्थ्याला स्वत:चा उद्योग काढावयाचा असल्यास उबवणीच्या काळापुरती परतफेड लांबविता येईल, असे कलम आहे. हा एक टक्का आपल्या अंदाजपत्रकात कोणत्या पानावर आहे, हे प्राचार्यांनी बक्षीस समारंभातच सांगावे. आणि परीक्षक म्हणून बोलावलेल्या बँक अधिकाऱ्याने, विजेत्या संघाला शुभेच्छा देऊन झाल्यावर, त्या कलमाचा अर्ज आपल्या शाखेत कोणाकडे करावयाचा तेही सांगावे.