किल्ली दिली, पण ऋण फिटलें काय?

परदेशगमन ही आतां आपल्या घरांतून नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. जातांना बरोबर काय न्यावें याची यादी घरोघर होते; मागें काय ठेवून जात आहों याचा विचार मात्र क्वचितच होतो. या संबंधांत आमच्या घरीं घडलेली हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

२०१५ सालीं माझ्या पुतण्यानें पुण्याच्या वेशीबाहेर एक सदनिका घेतली. किंमत साठ लक्ष. पैकीं ४८ लक्ष बँकेचें कर्ज, मुदत वीस वर्षांची. कर्जास जामीन मी. २०१९ सालीं त्यास कॅनडांत कायम वास्तव्याची परवानगी मिळाली, तेव्हां आम्हीं हिशेब मांडला. चार वर्षांत एकवीस लक्षांवर रक्कम भरूनही मुद्दल अवघें चार लक्षांनीं उतरलें होतें. कारण आरंभीच्या हप्त्यांतील मोठा भाग व्याजाचाच असतो. त्यांतून त्या भागांत रस्ता व पाणी यांची सोय अपुरीच राहिलेली. चाळीस लक्षांहून अधिक देणारें गिऱ्हाईक मिळेना.

"तात्या, घर तर बँकेचेंच आहे. किल्ली त्यांच्या स्वाधीन करतों आणि मोकळा होतों," पुतण्या म्हणाला.

"अरे, किल्ली दिल्यानें ऋण फिटतें काय?" मीं विचारलें.

मुलगा लबाड नव्हे. २००८ च्या मंदींत अमेरिकेंत अनेकांनीं असेंच केल्याचें त्यानें ऐकलें होतें. तें खोटेंही नाहीं. कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांत राहतें घर घेण्यासाठीं काढलेल्या कर्जाची वसुली सामान्यतः त्या घरापुरतीच मर्यादित असते. आपल्याकडील कायदा तसा नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत गहाणास 'आधि' म्हटलें असून, केवळ तारण म्हणून ठेवलेला गोप्य आणि ज्याचा उपभोग धनको घेतो तो भोग्य, असे त्याचे भेद मानिले आहेत. आजचें गृहकर्ज पहिल्या जातीच्या जवळचें. घराचा ताबा आपणांकडे, कागदपत्रें बँकेपाशीं. मालकी आपली, म्हणून देणेंही आपलेंच.

हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले कीं कर्ज अनुत्पादक ठरतें. मग २००२ च्या सरफेसी कायद्यान्वयें बँक साठ दिवसांची नोटीस देते, ताबा घेते, मूल्यांकन करवून लिलाव पुकारते. आलेल्या पैशांतून प्रथम खर्च, मग व्याज व मुद्दल वजा होतें; उरलें तर ऋणकोस परत मिळतें. कमी पडलें तर बाकी वसूल करण्यास बँकेस न्यायाधिकरणाचा किंवा न्यायालयाचा मार्ग मोकळाच असतो. स्वखुशीनें किल्ली दिल्यास ताब्याचा खटाटोप वांचतो, इतकेंच. बाकी सोडल्याचें बँकेनें लेखी दिल्यावांचून ती सुटत नाहीं.

ती बाकी कोणी द्यावयाची? १८७२ च्या करार कायद्याचें १२८ वें कलम सांगतें कीं, करारांत निराळें ठरलें नसल्यास, जामिनाची जबाबदारी ऋणकोइतकीच. स्मृतिकारांनीं जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: ऋणकोस हजर करणारा, त्याच्या विश्वासाची ग्वाही देणारा, आणि 'हा न देईल तर मी देईन' म्हणणारा. मी या तिसऱ्या प्रकारचा. ऋणको कॅनडांत आणि जामीन सदाशिव पेठेंत. मग नोटीस कोणाच्या दारीं येणार?

हें ऐकून पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. अखेर म्हणाला, "तात्या, त्या कागदावर तुमची सही आहे, हें मी विसरलोंच होतों."

त्यानें जाणें तीन महिने लांबविलें. बँकेकडून एकूण येणें रकमेचें पत्र व विक्रीस लेखी संमति घेतली. गिऱ्हाइकाचे चाळीस लक्ष थेट कर्जखात्यांत जमा झाले. राहिलेले चार लक्ष पुतण्यानें भविष्यनिर्वाह निधींतून भरले. तेथील पहिल्या हिंवाळ्याची ती तरतूद होती. तो कचरत होता, तेव्हां सूनबाईच म्हणाल्या, "आपण तेथें एका खोलींत राहूं, पण मामंजींच्या निवृत्तिवेतनावर ओझें ठेवून जाणें नको." खरेदीच्या वेळीं घातलेले स्वतःचे बारा लक्ष गेले, त्याचें दुःख सर्वांसच झालें.

ज्यांस जावयाचें आहे त्यांनीं हप्ता थकण्यापूर्वींच बँकेशीं बोलावें. घर ठेवावयाचें तर भाड्यानें देऊन परदेशांतूनही हप्ते भरतां येतात. त्यासाठीं विश्वासू माणसास नोंदविलेलें मुखत्यारपत्र करून द्यावें. विकावयाचें तर शक्यतों आपणच विकावें, लिलावावर सोडूं नये. कर्ज फिटल्यावर बेबाकीचा दाखला घेतल्यावांचून उठूं नये. आणि सर्वांआधीं, जामीन कोण आहे तें आठवावें.

निघण्याच्या दिवशीं पुतण्यानें त्या दाखल्याची एक प्रत माझ्या हातीं दिली, पायां पडला व म्हणाला, "तात्या, आतां जातों."

"येतों म्हणावें, बाळ," मी म्हणालों.